गच्चीवरची दीर्घिका

मार्च लागला की मला शिंका येतात. डॉक्टर म्हणतात, हवा बदलतेय, धूळ आहे, गोळी घ्या. मी घेते गोळी. पण त्या शिंका धुळीच्या नाहीत, डोंबिवलीच्या गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्यांच्या आहेत, हे मला आतून ठाऊक असतं. इथे घोडबंदर रोडला, अठराव्या मजल्यावर, कोणी मिरच्या वाळवत नाही. गच्चीला कुलूप असतं आणि किल्ली मागितली तर सिक्युरिटीवाला आधी मॅनेजरची परवानगी आणा म्हणतो. बाल्कनीतून समोरचा टॉवर दिसतो, त्याच्या शेजारचा टॉवर दिसतो आणि दोघांच्या फटीत पातळ चहाच्या रंगाचं आकाश. खाली गाड्यांची रांग जागची हलत नाही. तरीही हवेत तो कोरडेपणा येतो, संध्याकाळी वारा सुटतो, आणि माझं नाक आपलं जुन्या पत्त्यावर जाऊन शिंकून येतं.

अण्णा गेल्यानंतरचा हा पहिला मार्च. अण्णा म्हणजे माझे सासरे. ते या पौषात गेले, संगमेश्वराकडच्या त्यांच्या गावी, झोपेत. त्यांचा मुलगा निखिल, म्हणजे माझा नवरा, त्यांच्या कितीतरी आधी गेला. ऑगस्टमधला साधा ताप म्हणता म्हणता डेंग्यू निघाला आणि आठवड्याच्या आत सगळं संपलं. सासूबाई तर मी लग्न होऊन यायच्या आधीच गेलेल्या. त्यामुळे डोंबिवलीच्या त्या घरात आम्ही दोघंच उरलो, एक सासरा आणि एक सून, आणि गच्चीवर निखिलची दुर्बीण.

पाण्याच्या टाकीला लागून पत्र्याची एक खोली होती. तिचं छप्पर रुळांवरून मागे सरकायचं. निखिलने ती एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरच्या मागे लागून बनवून घेतली होती. तो तिला वेधशाळा म्हणायचा, सोसायटी तिला निखिलची टपरी म्हणायची. शनिवार-रविवार तो तिथेच पडलेला असायचा. त्याला एक फोटो काढायचा होता. सिंह राशीच्या तोंडापुढे एक दीर्घिका आहे, म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखंच ताऱ्यांचं दुसरं मोठं गाव, भोवऱ्यासारखं वळलेलं, फार फार लांब. तिला धड नावही नाही, यादीतला नुसता एक आकडा आहे. पण मार्च-एप्रिलमध्ये जेवणं आटपून वर गेलं की ती बरोबर डोक्यावर असते, आणि डोंबिवलीचं आकाश त्यातल्या त्यात डोक्यावरच जरा बरं असतं. एवढ्या व्यवहारी कारणासाठी त्याने ती निवडली होती. आदल्या उन्हाळ्यात त्याने तिचे थोडे फोटो काढले, मग ढग आले, मग ऑगस्ट आला.

समाचाराला येणाऱ्यांना ही दुर्बीण फार सोयीची पडली. तो आता तारा झाला, वर बघ, दिसेल तुला, असं मला किती जणांनी सांगितलं असेल. निखिल तारा-बिरा काही झालेला नाही. असलं त्याच्यासमोर कोणी बोललं असतं तर त्याने त्या माणसाला खुर्चीत बसवून तास घेतला असता. दुसरे होते ते प्रकाश किती जुना, माणूस किती क्षणाचा, असं ऐकवणारे. खरं आहे, त्या दीर्घिकेतून निघालेला उजेड इथे पोचायला कोट्यवधी वर्षं लागतात. पण माझा माणूस परवा गेला होता आणि कपाटात त्याचे इस्त्री केलेले शर्ट होते. कोट्यवधी वर्षांचं मी करायचं काय? मी मान हलवायचे आणि चहा आणायला आत जायचे.

फेब्रुवारीत सोसायटीची कमिटी घरी आली. गच्चीच्या वॉटरप्रूफिंगचं काम काढायचं होतं. सेक्रेटरी भला माणूस, त्याला विषय काढताना जड जात होतं. ती शेड आता वापरात नाही तर काढून घ्यायची का, असं त्याने फार वळणं घेत विचारलं. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी मान वर न करता सांगितलं की शेड वापरात आहे. कोण वापरतं, असं सेक्रेटरीने विचारल्यावर म्हणाले, आम्ही. मंडळी चहा पिऊन गेली. अण्णांनी दार लावलं, पेपरची नीट घडी घातली आणि माझ्याकडे वळून म्हणाले, "अनघा, ते चालू कसं करतात?"

मला लॅपटॉपची बाजू थोडीफार माहीत होती, कारण निखिल वरून फोनवर सांगायचा आणि मी खाली हॉलमध्ये बसून बटणं दाबायचे. दुर्बिणीला मात्र मी कधी हात लावला नव्हता. अण्णांनी तर नाहीच. ते रंगाच्या कारखान्यात क्वालिटी कंट्रोलला होते, आयुष्यभर काचेच्या नळ्या उजेडात धरून नाकं मुरडलेली. त्यांना वाटलं, यंत्रच आहे, वठणीवर येईल. आम्ही निळी ताडपत्री काढली, पालींना हुसकावलं आणि छप्पर दोन बाजूंनी दोघांनी ढकललं. ते करकरत मागे गेलं आणि आत एकदम आकाश आलं. मला हुंदका आला. अण्णा टाकीच्या नळावर फडकं भिजवायला गेले आणि बराच वेळ तिकडेच राहिले.

पहिल्या काही संध्याकाळी आम्ही जे गोंधळ घातले ते दुसऱ्या कोणी घातले नसतील. पंपाची मोटर लागली की टाकीबरोबर आमची खोलीही थरथरते आणि फोटोतले तारे भेंडीसारखे लांबट येतात, हे कळायला चार दिवस गेले. मग अण्णांनी वॉचमनला गाठून मोटर लावायची वेळ बदलून घेतली, त्यावरून दुसऱ्या मजल्यावरच्यांशी वाजलं. लेन्सवरचे धुळीचे डाग ओळखण्यासाठी तिन्हीसांजेच्या आकाशाचा फोटो पांढऱ्या कापडातून काढावा लागतो. तेव्हा अण्णांचा धुतलेला बनियन दुर्बिणीच्या तोंडावर ताणून बसवायचा. पलीकडच्या बिल्डिंगमधल्या बायका खिडक्यांतून बघायच्या.

आणि एक अख्खी संध्याकाळ आम्ही झाकण न काढताच फोटो काढले. तीन तास. मध्ये अण्णांनी खाली जाऊन दूध तापवलं, मी वर डास मारत बसले, लॅपटॉपवर काळ्यामागून काळे फोटो येत होते आणि दोघंही म्हणत होतो, आज आकाश किती स्वच्छ आहे. कळलं तेव्हा अण्णा हसले. निखिलनंतर त्यांना हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. पुढे निखिलच्याच लॅपटॉपवर वाचताना समजलं की असे झाकण घालून काढलेले फोटो लागतातच. अंधारातही कॅमेऱ्याला काहीबाही ठिपके दिसत असतात. ते बाहेरचे नसतात, त्याचे स्वतःचेच असतात. ते आधी टिपून ठेवायचे आणि मग खऱ्या फोटोतून वजा करायचे. आमची चूक सगळीच्या सगळी कामाला आली. त्या दिवसांत मलाही घरात कुठेकुठे निखिल दिसायचा, बाथरूमच्या दारात, कुकरच्या शिट्टीमागे. यातलं माझंच किती आणि खरं किती, हे काढायला माझ्याकडे झाकण नव्हतं.

फोटो काढणं म्हणजे काय, हेही तेव्हाच नीट उमजलं. एका फोटोत काहीच नसतं. दोन मिनिटं कॅमेरा उघडा ठेवला तरी डोंबिवलीच्या दिव्यांचा नारिंगी धुरळा येतो आणि मधोमध एक पुसट डाग, कोणी बोट लावल्यासारखा. असे शेकडो फोटो काढायचे आणि संगणकात एकावर एक रचायचे. धुरळा प्रत्येक फोटोत जरा वेगळा असतो, तो एकमेकांत मुरतो. दीर्घिका प्रत्येकात तिथेच असते, ती हळूहळू वर येते. पण मेख अशी की चित्र दुप्पट चांगलं व्हायला फोटो चौपट लागतात. म्हणजे याला शेवट असा नाहीच. झालं, असं चित्र कधी सांगत नाही, ते माणसालाच म्हणावं लागतं. हे आम्हा दोघांनाही फार लवकर कळलं आणि आम्ही ते एकमेकांना सांगितलं नाही.

कारण कळव्याहून माझ्या आईचा फोन यायला लागला होता. वर्ष होत आलं, किती दिवस तिथे राहणार आहेस, असा तिचा रोख. तिचं काही चूक नव्हतं. माझं ऑफिस घोडबंदरला, रोजच्या प्रवासाने मी पिळून निघत होते, कळव्याहून निम्मा वेळ वाचला असता. माझी खोली तिने रंगवून घेतली होती. शिवाय तिच्या मनात पुढचंही काही होतं, ते ती बोलायची नाही पण ते फोनमधून ऐकू यायचं. मी म्हणायचे, अगं, तो फोटो पूर्ण होऊ दे, मग येते. एकदा ती वैतागून म्हणाली, फोटो फोटो काय लावलंयस, लग्नाचा अल्बमसुद्धा एवढे दिवस घेत नाही. मग तिनेच घाईने, उद्या करते, म्हणत फोन ठेवला.

मी तरी तिला काय सांगणार होते? अण्णा आणि मी एकमेकांना निखिलमार्फत मिळालेलो. त्याच्याशिवाय आमचं एकमेकांशी नातं काय? लोक म्हणायचे, अगदी मुलीसारखी हो. मला त्या 'सारखी'चा राग यायचा. माझे वडील गेले तेव्हा मी लहान होते, दुसऱ्या बापाची मला हौस नव्हती, आणि अण्णांना निखिलच्या जागी कोणी नको होतं. पण सकाळी साडेसहाला ते गॅसवर आधण ठेवायचे, त्यात आलं किसायचा आवाज यायचा, आणि त्या आवाजाने मला उठावंसं वाटायचं. दुसऱ्या कशाने वाटत नव्हतं. फोटो पूर्ण झाला की मला तिथे राहायला निमित्त उरणार नव्हतं, हे साधं गणित होतं.

दिवसा गच्ची बायकांची असायची. तिसऱ्या मजल्यावरच्या सावंत काकूंचं राज्य. जुन्या साड्या अंथरून त्यांवर कुरडया, साबुदाण्याच्या पापड्या, एका बाजूला मिरच्या. आमच्या शेडची सावली त्यांना राखणीला बसायला आयती मिळायची. संध्याकाळी त्या सगळं गोळा करून खाली न्यायच्या, पण मिरच्यांचा खाट गच्चीवर राहायचा. तापलेल्या लाद्यांतून तो वर यायचा आणि मी नेमकी फोटो सुरू असताना शिंकायचे. अण्णा म्हणायचे, हळू, हादरा बसतो. एकदा काकू काळजीनेच वर आल्या. रोज रोज एवढं काय दिसतं, असं त्यांना पाहायचं होतं. तोवर आमचं चित्र जरा आकाराला आलं होतं, मध्ये उजळ पट्टा आणि दोन बाजूंनी वळलेले हात. काकूंनी चष्मा लावून बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, ही तर चकली, आणि तीही मोडकी. मग अण्णांच्या हातात वाटीभर कुरडया ठेवून म्हणाल्या, दोघं जेवता ना रे नीट?

सकाळी चहाबरोबर अण्णा आदल्या संध्याकाळचे फोटो तपासायचे. चष्मा नाकावर ओढून, एकेक. ज्यात खोट असेल तो फोटो रचायला घ्यायचा नाही. विमानाची रेघ आली, रिजेक्ट. ढगाचा पुंजका आला, रिजेक्ट. आता विमानाची रेघ संगणक आपोआप काढून टाकतो, त्यासाठी फोटो फेकायची गरज नसते. हे मी वाचलं होतं आणि अण्णांनीही, कारण ते पान त्यांनीच माझ्यासाठी उघडं ठेवलं होतं. तरी ते फेकत होते. डोंबिवलीवरून विमानं जातात त्याला काय तोटा. निम्मे फोटो जायचे. मी डबा भरता भरता विचारायचे, किती राहिले? ते आकडा सांगायचे. मी म्हणायचे, मग आज परत बसावं लागेल. ते म्हणायचे, बसावं लागेल.

एप्रिलमध्ये एकदा जेवणानंतर अख्ख्या भागातले दिवे गेले. खालून एकदम ओरडा झाला, मग सगळ्यांनी घरं सोडली, जिन्यात आणि गॅलऱ्यांत माणसं बोलू लागली. आमचा लॅपटॉप बॅटरीवर चालला होता. वर आकाश बघता बघता खोल गेलं. सिंहाचं ते उलट्या प्रश्नचिन्हासारखं डोकं मी पहिल्यांदा पूर्ण पाहिलं. अण्णा उलट्या बादलीवर बसले होते, त्यांचा चेहरा दिसत नव्हता. म्हणाले, "दिवे गेले की निखिल लहानपणी खूप रडायचा. मग त्याची आई त्याला गच्चीत घेऊन यायची."

मला हे माहीत नव्हतं. त्याला अंधाराचं वेड आहे असंच मी समजत होते. मग मी सांगितलं की आजारी पडला की तो मला रेल्वेचं वेळापत्रक वाचून दाखवायला सांगायचा, स्टेशनांची नावं ऐकत झोपायचा. हे अण्णांना माहीत नव्हतं. दिवे येईपर्यंत आम्ही आलटून पालटून बोलत राहिलो. त्याची पहिली वर्षं त्यांच्याकडे होती, शेवटची माझ्याकडे. मी गेले असते तर दोघांचाही निखिल अर्धाच राहिला असता. दिवे आले तेव्हा खाली टाळ्या झाल्या आणि आम्ही दोघांनी डोळे पुसून घेतले.

एका सकाळी मी त्यांच्या खांद्यावरून बघत होते. स्क्रीनवरच्या फोटोत विमान नव्हतं, ढग नव्हता, काही नव्हतं. अण्णांनी रिजेक्ट केला. याला काय झालं, असं मी विचारलं. ते म्हणाले, तारे गोल नाहीत. मी वाकून पाहिलं. तारे मोहरीसारखे गोल होते. अण्णांनी लगेच पुढचा फोटो उघडला. ज्या माणसाने उभ्या आयुष्यात चांगला माल वाईट म्हटला नाही आणि वाईट माल चांगला म्हटला नाही, साहेबाच्या दबावाखालीसुद्धा नाही, तो माणूस माझ्यासमोर बसून खोटं बोलत होता. मी म्हटलं, हो, जरा लांबट वाटतात. आणि डबा उचलून कामावर गेले. त्या दिवशी मी आत कुठेतरी इतकी सुखात होते की मला त्याची भीती वाटली.

मे महिन्यात आई न कळवता डोंबिवलीला आली. अण्णांनी तिच्यासाठी स्वतः कोकम सरबत केलं. मी स्वयंपाकघरात होते, मुद्दाम पोळ्या लांबवत. ती भांडली नाही, आवाजही चढवला नाही. तुमचं दुःख मला कळतं, असं तिने अण्णांना सांगितलं, पण अनघाचं सगळं आयुष्य पडलंय पुढे, आणि ती इथे तुमच्याबरोबर म्हातारी व्हायला बसलीय. जेवताना अण्णांनी आईला आग्रह करून वाढलं. ती निघाली तेव्हा रिक्षापर्यंत सोडायला गेले, आणि परत यायला त्यांना नेहमीपेक्षा वेळ लागला.

संध्याकाळी आम्ही वर गेलो. पश्चिमेकडे ढगांची फळी दिसायला लागली होती, दीर्घिका आता लवकर कलायची. काकूंचं वाळवण संपलं होतं, गच्ची रिकामी होती. मी लॅपटॉप उघडला. अण्णांनी छपराला हात लावला नाही.

"अनघा, चित्र झालंय," ते म्हणाले.

मी म्हटलं की अजून थोडे हवेत, कडेचे हात नीट उठलेले नाहीत.

"झालंय गं. कधीच झालंय. तुलाही माहितीये."

मी जाऊ म्हणताय का, एवढं मी कसंबसं विचारलं.

"मला एकट्याची सवय होईल आज ना उद्या. म्हाताऱ्याला दुसरं काय काम असतं? तुला इथली सवय होता कामा नये."

मी रडले. निखिल गेला तेव्हा रडले होते ते लोकांमध्ये, लोकांच्या खांद्यावर. हे वेगळं होतं. मला त्या माणसाचा भयंकर राग आला होता आणि तो म्हणत होता ते बरोबर होतं. अण्णा जवळ आले नाहीत, डोक्यावरून हात वगैरे फिरवला नाही, तसे ते नव्हतेच. बाजूला उभे राहिले आणि माझं रडणं थांबल्यावर म्हणाले, चल, खाली जाऊ, पोळ्या गार होतील.

रविवारी दिवसभर बसून आम्ही शेवटचं चित्र रचलं. अण्णांनी बाजूला काढलेले सगळे फोटो न बोलता परत आत घेतले. मग निखिलचे, आदल्या उन्हाळ्यातले. ते खरं तर वाईट होते. त्याचा फोकस जरा सुटलेला होता, तारे फुगलेले. मी अण्णांकडे पाहिलं, कारण हे नियमाने बाद व्हायला हवे होते. त्यांनी एकही बाद केला नाही. सगळे घे, म्हणाले. त्या फोटोंमुळे आमचं चित्र होतं त्यापेक्षा थोडं धूसर झालं. कोणी जाणकार बघेल तर लगेच म्हणेल की इथे काहीतरी चुकलंय. आम्ही त्याच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक त्यांना, एक मला.

जूनमध्ये मी कळव्याला गेले. पुढे ऑफिसजवळ म्हणून इथे, घोडबंदरला आले. दुसरं लग्न केलं नाही, आईने विचारायचं थांबवलं. अण्णांकडे मी जायचे, सुट्टीच्या दिवशी, डबा घेऊन. पण पाहुण्यासारखी जायचे, चहा ते करायचे आणि मी हॉलमध्ये बसायचे. त्यांना सवय झाली की नाही हे मला कधीच कळलं नाही. विचारायची सोय नव्हती. मग बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला गेली. बाकीचे भाड्याच्या घरांत पांगले, अण्णा म्हणाले मी गावी जातो, पुतण्या आहे. दुर्बिणीचे खोके त्यांनी माझ्याकडे पाठवून दिले, ते अजून माळ्यावर आहेत. वेधशाळेचा पत्रा भंगारात गेला. तिथे आता वीस-बावीस मजल्यांचं काहीतरी उभं राहतंय, मी त्या रस्त्याने जात नाही.

गेल्या मार्चमध्ये, म्हणजे त्यांच्या शेवटच्या मार्चमध्ये, एकदा जेवणानंतर त्यांचा फोन आला. त्यांच्या गावाला रेंज नसते, त्यासाठी त्यांना अंगण ओलांडून बांधावर यावं लागायचं. दम लागलेला ऐकू येत होता. तब्येत, पथ्य, पुतण्याची मुलं, सगळं बोलून झालं. मग म्हणाले की सिंह डोक्यावर आलाय. इथे दिवा म्हणून नाही कुठे, आकाश इतकं काळं आहे की आधी पाहिलेलं आकाश नव्हतंच असं वाटतं. मी म्हटलं, एवढं छान आहे तर मी दुर्बीण घेऊन येते, दोन दिवस रजा टाकते.

फोनमधून फक्त रातकिडे ऐकू येत होते.

"मी हिशोब करून पाहिला," ते म्हणाले. "एवढ्या काळोखात आपलं ते चित्र एकाच संध्याकाळी झालं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तू गेली असतीस."

मी फोन कानाशी धरून बाल्कनीत आले.

"डोंबिवलीत एवढे दिवे आहेत ते बरं आहे गं," अण्णा म्हणाले.